इन्स्टॉल फसतंय? सिस्टिम बदलून बघा, पण हा क्रम धरून

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा मोफत सपोर्ट संपला आणि तेव्हापासून इंदूरातल्या आपल्या लोकांचे मला सारखे फोन येतात, कधी रामबागेतून, कधी सुदामा नगरातून, की दादा लॅपटॉप चांगला चालतोय पण विंडोज ११ घेतच नाही, मग कोणीतरी सांगितलं म्हणून लिनक्स ही फुकटातली दुसरी सिस्टिम टाकायला बसलो तर तेही अर्ध्यात अडकलं, आता काय करू. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे २०१७ च्या आधीच्या बहुतेक मशीन तिथेच अडतात. आणि लिनक्स अडलं की लोक एकतर तीच फाइल, तोच पेनड्राइव्ह घेऊन परत परत इन्स्टॉल करत बसतात, नाहीतर लॅपटॉप भंगारात टाकतात. दोन्हीची गरज नसते.

माझं म्हणणं एकच आहे. वेगळी सिस्टिम लावून बघणं हा उपाय तर आहेच, पण त्याआधी ती तपासणी आहे, आणि तीही फुकटातली. एक सिस्टिम अडली आणि दुसरी त्याच मशीनवर नीट उठली तर हार्डवेअर जिवंत आहे हे कळलं, पहिलीकडे त्या पार्टचा ड्रायव्हर नव्हता किंवा तिला तुमचं बायोस, म्हणजे मशीन सुरू होताना सगळ्यात आधी चालणारा आतला प्रोग्राम, पटलं नाही एवढंच. चार खरोखर वेगळ्या सिस्टिम एकाच जागी पडल्या तर मग रॅम, डिस्क, बायोस यांच्याकडे बघायचं. ‘खरोखर वेगळ्या’ यावर मी जोर का देतोय ते पुढे येईलच.

सुरू करण्याआधी

डेटा बाहेर काढा, दुसऱ्या डिस्कवर, आणि कॉपी झाल्यावर दोन-चार फायली उघडून बघा. विंडोज अजून चालू होत असेल तर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कवरचं कुलूप, चालू आहे का ते नक्की बघा, अनेक नव्या लॅपटॉपमध्ये ते आपोआप चालू असतं आणि तुम्ही बायोसमध्ये सिक्युअर बूट (फक्त सही असलेलीच सिस्टिम उठू देणारी सोय) किंवा टीपीएमला हात लावला की पुढच्या वेळी विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. ती की मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सापडते, कागदावर उतरवून घ्या, त्याच लॅपटॉपमध्ये फोटो ठेवून काही उपयोग नाही. विंडोजमधलं फास्ट स्टार्टअपही बंद करा, नाहीतर मशीन बंद केलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं, आणि लिनक्समधून त्या पार्टिशनवर काही लिहिता येत नाही.

आपल्याकडे मराठी मंडळींचा अजून एक मुद्दा असतो. श्रीलिपी नाहीतर कृतिदेवसारख्या जुन्या फॉण्टमध्ये टाइप केलेल्या फायली, गणेशोत्सवाच्या स्मरणिका, मंडळाचे अहवाल, आजोबांचे लेख. त्या युनिकोड नसतात, फॉण्ट नसेल तर नव्या सिस्टिमवर नुसती खिचडी दिसते. म्हणून फायलींबरोबर विंडोजच्या फॉण्ट्स फोल्डरमधून तो फॉण्टसुद्धा उचलून ठेवा, लिनक्समध्ये तो टाकला की लिब्रेऑफिसमध्ये मजकूर बहुतेक वेळा दिसायला लागतो.

पेनड्राइव्ह दोन घ्या, ८ जीबीचे असले तरी पुरतात. बाजारात खोट्या क्षमतेचे पेनड्राइव्ह भरपूर आहेत, वर ६४ लिहिलेलं असतं आणि आत ८ सुद्धा नसतात, आणि अशावर लिहिलेली आयएसओ, म्हणजे सिस्टिमची इन्स्टॉल फाइल, सुरुवातीला उठते आणि मध्येच कोसळते. एच२टेस्टडब्ल्यू नावाचं छोटं फुकट टूल आहे, पूर्ण पेनड्राइव्ह भरून तपासतं, नव्या पेनड्राइव्हवर एकदा चालवाच.

आधी फाइल आणि पेनड्राइव्ह संशयातून बाहेर काढा

आयएसओ उतरवली की तिचा एसएचए-२५६, म्हणजे त्या फाइलचा ठसा, जुळवा. हा आकडा त्या सिस्टिमच्या अधिकृत डाउनलोड पानावर असतो आणि तुमच्या फाइलचा आकडा विंडोजमध्येच असलेल्या सर्टयूटिल कमांडने काढता येतो. सगळी ६४ अक्षरं वाचायची गरज नाही असं लोक म्हणतात, पण सगळा कॉपी करून नोटपॅडमध्ये एकाखाली एक ठेवला की मिनिटाचंही काम नाही. मोबाइल डेटावर उतरवलेली फाइल मध्येच तुटलेली असणं फार कॉमन आहे.

आयएसओ पेनड्राइव्हवर लिहायला रुफस किंवा बॅलेना एचर वापरा. रुफस कधीकधी विचारतं की आयएसओ मोड की डीडी मोड, आयएसओ मोडमध्ये उठलं नाही तर डीडीमध्ये परत लिहा. मला स्वतःला व्हेंटॉय आवडतं कारण एकाच पेनड्राइव्हवर जागा असेल तितक्या आयएसओ नुसत्या कॉपी करून ठेवता येतात आणि सुरू करताना यादीतून निवडता येतं, आपल्या या कामाला तर ते फारच सोयीचं आहे. पण काही आयएसओ व्हेंटॉयमधून उठत नाहीत, आणि तो दोष मशीनचा नसतो, म्हणून व्हेंटॉयमधून एखादी अडली तर तीच दुसऱ्या पेनड्राइव्हवर थेट लिहून बघितल्याशिवाय निकाल लावू नका. दोन पेनड्राइव्ह यासाठीच सांगितले.

कुठे अडलं ते नीट बघा

बहुतेक लोक फोनवर सांगतात ‘चालत नाहीये’. पण कुठे अडलं यावरच पुढचं सगळं ठरतं, त्यामुळे स्क्रीनचा फोटो काढा, शेवटच्या चार ओळींसकट.

पेनड्राइव्ह बूट मेनूमध्ये दिसतच नाही: डेल आणि लेनोवोमध्ये बहुधा एफ१२, एचपीमध्ये एस्केप मग एफ९, असूसमध्ये बहुधा एस्केप, एसरमध्ये एफ१२ पण तो आधी बायोसमधून चालू करावा लागतो. मेनू आला आणि पेनड्राइव्ह नाही, तर सिक्युअर बूट बंद करून बघा. उबुंटू, मिंट, फेडोरा, डेबियन हे लिनक्सचे प्रकार सिक्युअर बूट चालू असतानाही उठतात, हायकू आणि बीएसडी या लिनक्सबाहेरच्या सिस्टिम नाही उठत. मशीन २०११-१२ च्या आधीचं असेल तर यूईएफआय, म्हणजे बायोसचा नवा अवतार, बहुधा नसेल, रुफसमध्ये एमबीआर आणि बायोस निवडून परत लिहा.

उठतं आणि मग काळी स्क्रीन, पंखा चालू: जवळजवळ नेहमी ग्राफिक्स. पहिल्या मेनूवरच लहान ‘ई’ दाबा, लिनक्स या शब्दाने सुरू होणारी ओळ शोधा, तिच्या शेवटी एक जागा सोडून नोमोडसेट टाइप करा, इंग्रजीत, सगळं लहान अक्षरात, एकच शब्द, आणि एफ१० दाबा. एनव्हिडिया कार्डवाल्या लॅपटॉपमध्ये एवढ्याने खूपदा काम होतं. बऱ्याच सिस्टिमच्या मेनूमध्ये ‘सेफ ग्राफिक्स’ किंवा ‘कम्पॅटिबिलिटी मोड’ म्हणून हेच तयार दिलेलं असतं.

काळ्या पडद्यावर बिझीबॉक्स किंवा इनिटरॅमएफएस लिहून येतं: सिस्टिम अर्धी उठली आणि तिला तिचाच पेनड्राइव्ह सापडेना. निळा पोर्ट सोडून काळ्या, म्हणजे यूएसबी २ च्या पोर्टात लावा, मग पेनड्राइव्ह बदला.

डिस्कच दिसत नाही: हे नव्या मशीनचं दुखणं. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपमध्ये डिस्क व्हीएमडी किंवा आरएसटी नावाच्या व्यवस्थेमागे असते, आणि विंडोजच्या इन्स्टॉलरलासुद्धा वेगळा ड्रायव्हर दिल्याशिवाय ती दिसत नाही. बायोसमध्ये ते बंद करून एएचसीआय, म्हणजे डिस्कची साधी जोडणी, केलं की लिनक्सला डिस्क दिसते, पण मग जुनं विंडोज निळ्या स्क्रीनवर जातं. विंडोज ठेवायचं असेल तर आधी विंडोजमध्ये एमएसकॉन्फिग उघडून बूट टॅबमध्ये सेफ बूट टिक करा, रीस्टार्ट करून बायोसमध्ये एएचसीआय करा, विंडोज सेफ मोडमध्ये उघडेल आणि योग्य ड्रायव्हर स्वतः उचलेल, मग टिक काढून परत रीस्टार्ट. हा क्रम उलटा करू नका, आणि बिटलॉकर चालू असेल तर त्याआधी सस्पेंड करा.

इन्स्टॉल अर्ध्यात तुटतं: इथे एक फार कामाची खूण आहे. दर वेळी त्याच जागी तुटत असेल तर फाइल, पेनड्राइव्ह किंवा ड्रायव्हर. दर वेळी वेगळ्या जागी तुटत असेल, कधी २० टक्क्यांवर, कधी ८० वर, तर रॅम, डिस्क किंवा गरम होणं. अशा वेळी सिस्टिम बदलत बसू नका, मेमटेस्ट८६प्लस हे रॅम तपासणारं टूल रात्रभर लावा, त्याची ६ पासूनची आवृत्ती यूईएफआयवरही चालते. डिस्कचा स्मार्ट रिपोर्ट, म्हणजे तिच्या तब्येतीची नोंद, बघा, त्यात पेंडिंग सेक्टर, म्हणजे धड वाचता न आलेल्या जागा, शून्याच्या वर असतील तर त्या डिस्कवर काहीच टाकू नका. आणि मे महिन्यात इंदूरात दुपारी बंद खोलीत हे करत असाल तर लॅपटॉप टेबलावर, खालून हवा जाईल असा ठेवा, गादीवर नको. लाइट जायची भीती असेल आणि बॅटरी मेलेली असेल तर यूपीएसवर लावा, डिस्कची विभागणी चालू असताना लाइट गेली तर डेटासकट सगळं जाऊ शकतं.

सगळं नीट झालं, पण रीस्टार्टनंतर सिस्टिम सापडत नाही: बूटलोडरचं, म्हणजे सिस्टिम उठवणाऱ्या छोट्या प्रोग्रामचं, भांडण. काही बायोस फक्त विंडोजच्याच नावाची नोंद मानतात, बाकीच्यांची पुसून टाकतात. डेबियनच्या एक्सपर्ट इन्स्टॉलमध्ये एक प्रश्न येतो की ग्रब (लिनक्सचा बूटलोडर) रिमूव्हेबल मीडियाच्या जागीसुद्धा टाकू का, तिथे हो म्हणा, मग बायोसला नाव आवडो न आवडो, ते त्या ठरलेल्या जागी बघतंच. याच एका प्रश्नासाठी मी कितीतरी मशीनवर मिंट सोडून डेबियन टाकलंय.

आता सिस्टिम बदलायची, पण कोणती

इथेच लोक फसतात. उबुंटू अडलं म्हणून मिंट लावतात, मिंट अडलं म्हणून कुबुंटू लावतात, आणि म्हणतात लिनक्सच चालत नाही. अहो, मिंट २२ हे उबुंटू २४.०४ वरच उभं आहे, कर्नेल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, त्याच घराण्याचं, ड्रायव्हर तेच, डेस्कटॉपचा चेहरा तेवढा वेगळा. हार्डवेअरशी बोलतो तो कर्नेल, आणि वायफायसारख्या पार्टना लागणाऱ्या फर्मवेअरच्या फायली. ते बदलले तरच तपासणीला अर्थ.

मशीन नवं आहे, वर्षा-दोन वर्षांतलं, आणि वायफाय किंवा टचपॅड किंवा स्क्रीन अडतेय, तर पुढे जा, म्हणजे ताज्या कर्नेलकडे. फेडोराची सर्वात नवी आवृत्ती लावा, ती दर सहा महिन्यांनी येते. लाइव्ह मोडमध्येच, म्हणजे इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरून चालवूनच, कळतं.

मशीन जुनं आहे पण ६४ बिट आहे, २०१० ते २०१६, तर डेबियन किंवा एमएक्स लिनक्स. पूर्वी डेबियनमध्ये वायफाय चालायचं नाही कारण कंपन्यांच्या बंद फर्मवेअर फायली ते आपल्या इन्स्टॉलरमध्ये देत नसत, पण जून २०२३ च्या डेबियन १२ पासून त्या अधिकृत इन्स्टॉलरमध्येच येतात. तरी ब्रॉडकॉमची काही जुनी वायफाय कार्डं अडतातच, तेव्हा ॲण्ड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, लिनक्सला ते सरळ लॅन केबलसारखं दिसतं, आणि मग ड्रायव्हर नेटवरून उतरवा. हे एवढं साधं आहे आणि कोणालाच माहीत नसतं!

मशीन ३२ बिट आहे तर पर्याय झपाट्याने कमी होतायत. उबुंटूने डेस्कटॉपची ३२ बिट आयएसओ १७.१० पासून बंद केली, डेबियन १३ ऑगस्ट २०२५ मध्ये आलं त्यात ३२ बिटचा इन्स्टॉलर नाही. डेबियन १२, एमएक्स २३ आणि अँटीएक्स अजून आहेत, त्यात मी अँटीएक्स निवडेन, ५१२ एमबी रॅमवर सुद्धा ते उठतं. त्यावर यूट्यूबची अपेक्षा मात्र नको, टायपिंग आणि गाणी ऐकणं ठीक.

प्रोसेसरची पातळी, म्हणजे त्याला कोणत्या सूचना कळतात त्याची पायरी, हाही एक छुपा अडथळा. रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ९ ला एक्स८६-६४ ची दुसरी पातळी लागते आणि १० ला तिसरी, म्हणजे कोअर २ ड्युओवर ९ उठणार नाही आणि २०१२ च्या आय५ वर १० उठणार नाही, कितीही खटपट केली तरी. विंडोज ११ सुद्धा २४एच२ पासून जुन्या कोअर २ ड्युओवर उठतच नाही, रुफसने टीपीएमची अट काढली तरी, कारण त्या प्रोसेसरमध्ये लागणारी सूचनाच नाही. अशा ठिकाणी झगडणं म्हणजे वेळ वाया.

लिनक्सच्या बाहेर बघायचं असेल तर घोस्टबीएसडी किंवा नोमॅडबीएसडी लावा, दोन्ही फ्रीबीएसडीवर उभ्या आहेत, कर्नेल पूर्ण वेगळा. नोमॅड तर पेनड्राइव्हवरूनच चालवायला बनवलीय. वायफायची बाजू लिनक्सपेक्षा कमजोर आहे हे मान्य, पण डेस्कटॉपवर, लॅन केबलने, मला ती फार स्थिर वाटते. हायकू ही बीओएस नावाच्या जुन्या सिस्टिमची वारसदार, तिची बीटा ५ सप्टेंबर २०२४ मध्ये आली, जुन्या मशीनवर ती ज्या वेगाने उठते ते बघून मन प्रसन्न होतं. पण ग्राफिक्स कार्डाचा वेग ती वापरत नाही, म्हणून रोजच्या ब्राउझिंगला ती एकमेव सिस्टिम म्हणून नको. रिॲक्टओएस अजून अल्फा आहे, तीवर कामाचा डेटा ठेवू नका.

आई-बाबांसाठी, ज्यांना फक्त ब्राउझर, मेल आणि व्हिडिओ कॉल हवाय, गूगलची क्रोमओएस फ्लेक्स उत्तम. ४ जीबी रॅम आणि १६ जीबी जागा लागते, गूगलची तपासलेल्या मॉडेलची यादी आहे, त्यात आपलं मॉडेल आणि त्याच्या अपडेटची शेवटची तारीख आधी बघा. प्ले स्टोअर त्यात नाही, आणि इन्स्टॉल केली की पूर्ण डिस्क पुसते, विंडोजशेजारी ती राहत नाही. आधी पेनड्राइव्हवरून वापरून बघता येते.

एक मशीन जवळून

शेजारच्या काकांकडे दहा इंची छोटा लॅपटॉप होता, कीबोर्ड निघून टॅब्लेट होणारा, ॲटम प्रोसेसर, २ जीबी रॅम, ३२ जीबीची आतली साठवण (ईएमएमसी). विंडोज अपडेटला जागाच उरत नव्हती. मिंटचा पेनड्राइव्ह लावला की बूट मेनूमध्ये फक्त विंडोज बूट मॅनेजर, बाकी काही नाही, आणि तोच पेनड्राइव्ह दुसऱ्या दोन लॅपटॉपवर लगेच उठायचा. सिक्युअर बूट बंद केलं, तेच. काका म्हणाले, “जाऊ दे रे, भंगारवाल्याला देऊन टाकू.” मी म्हटलं, “काका, आजचा दिवस राहू द्या माझ्याकडे.”

या मशीनचं कोडं असं की प्रोसेसर ६४ बिट आणि यूईएफआय ३२ बिट. २०१३-१५ च्या सुमाराच्या अशा स्वस्त टॅब्लेट-लॅपटॉपमध्ये हे सर्रास होतं. मिंटच्या पेनड्राइव्हवर फक्त ६४ बिटची बूट फाइल असते, त्या यूईएफआयला ती दिसतच नाही, आणि म्हणून काही एरर न देता ते गप्प बसतं. डेबियनने ही मिश्र जोडी २०१५ च्या ८ व्या आवृत्तीपासून सांभाळलीय, फेडोराने २७ पासून. डेबियन लावलं आणि मेनूत पेनड्राइव्हचं नाव पहिल्यांदा दिसलं. एलएक्सक्यूटी हा हलका डेस्कटॉप घेतला कारण २ जीबीत दुसरं काही सुखाने चालत नाही, कीबोर्ड सेटिंगमध्ये मराठी कागप फोनेटिक निवडलं, आणि काका आता त्यावर रोज टाइप करतात. आवाज मात्र हेडफोनमधूनच येतो, स्पीकर बंद, या प्रोसेसरच्या साउंडची कुरकुर बऱ्याच जणांना भेटते. काकांना चालतं.

इन्स्टॉल बटण दाबण्याआधी

लाइव्ह मोडमध्येच तासभर वापरा. वायफायवर एक मोठी फाइल उतरवा, आवाज, कॅमेरा, ब्राइटनेसची बटणं बघा, आणि झाकण बंद करून दहा मिनिटांनी उघडा, कारण झोपेतून न उठणं ही तक्रार सगळ्यात जास्त येते आणि सगळ्यात उशिरा कळते. प्रिंटर जोडून एक पान खरंच छापा. आपल्याकडे घरोघरी आणि दुकानोदुकानी असलेला कॅननचा एलबीपी २९०० हा सामान्य भाषा बोलत नाही, त्याला कॅप्ट नावाचा वेगळा ड्रायव्हर लागतो आणि लिनक्सवर त्याची खटपट होते, एचपीच्या लेझरजेट १०२० ला एचपीलिप या एचपीच्या ड्रायव्हर संचामधून एक जादा प्लगइन घ्यावं लागतं पण मग तो निमूट चालतो. टॅली आणि डिजिटल सहीचा डाँगल यावर धंदा असेल तर ते काम करणाऱ्या एका मशीनवर विंडोज राहू द्या, बाकीची बदला.

सगळं करूनही एकच पार्ट अडत असेल, समजा वायफाय, तर सिस्टिम बदलणं थांबवा आणि पार्ट बदला. आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये जा, दुकानदाराला तुमच्या मॉडेलचं नाव दाखवा आणि लिनक्सवर लगेच चालणारं यूएसबी वायफाय मागण्यापेक्षा चिपसेटचं नाव विचारा, कारण डब्यावरचं मॉडेल तेच ठेवून आतली चिप बदलते. त्या चिपचा ड्रायव्हर कर्नेलमध्ये आहे का ते विकत घेण्याआधी शोधून बघा. काही मशीनचं बायोस आतलं वायफाय कार्ड ठरावीकच स्वीकारतं, म्हणून बाहेरून लावायचं यूएसबी जास्त सुरक्षित. आणि फिरती हार्ड डिस्क असेल तर साटा एसएसडी त्याच फेरीत घेऊन या, जुनी डिस्क काढून तशीच जपून ठेवा, म्हणजे नव्यावर कितीही सिस्टिम लावून पाहिल्या तरी जुनं विंडोज आणि डेटा हात न लागता शाबूत राहतो.